दातांच्या फटीतली शीळ

दानियलभाऊ,

दुपारचे अडीच वाजलेत. खाली दुकानात आमचे हे गादीवर कलंडले आहेत, शटर अर्ध्यावर ओढलेलं आहे आणि मी वरच्या खोलीत अ‍ॅम्प्लिफायर तापायला लावून बसले आहे. बुधवार आहे ना. हाताला सवय झालेली, बटण दाबलं गेलं. काचेच्या नळ्यांत तो नारिंगी उजेड हळूहळू भरला आणि मी जिन्याकडे कान लावून बसले. तुमच्या एका चपलेचा पट्टा सैल होता, त्यामुळे तुम्ही चढताना एक पायरी नीट वाजायची आणि दुसरी फटकन. तुम्हाला माती देऊन आठ दिवस झाले हे मला ठाऊक आहे, मी तिथे उभी होते. तरी चहाचं आधण दोघांचंच ठेवलं.

मातीच्या वेळी हात जोडायचे की नुसते बांधून उभं राहायचं, हे मला कळेना. तुमच्या चर्चच्या मंडळीतल्या बाया गात होत्या, उन्हात सागाची पानं वाळल्यासारखी वाजत होती, आणि मी मागे एकटीच डोक्यावर पदर ओढून उभी. कुणीतरी विचारलं, ‘हाई कोन शे?’ रूथवहिनी, तुमच्या बायको, त्या एवढ्या रडत असतानाही वळून म्हणाल्या, ‘त्यासना रेकॉर्डवाल्या भाभी.’ तीस वर्षं या गावात मी कापडवाल्यांची सून होते. तुमच्यामुळे एक नवं नाव मिळालं, आणि तेही कुठे, तर तुमच्या कबरीजवळ.

आपली ओळख तशी माझ्या लग्नाइतकीच जुनी. मी शहाद्याची, मराठी शाळेत शिकलेली. खांडबाऱ्यात सून म्हणून आले तेव्हा बाबूजी, म्हणजे माझे सासरे, लग्नसराईत दुकानाच्या दारात रेकॉर्डी लावायचे. गाणं ऐकून बाया थांबायच्या, थांबल्या की आमची लुगडी उलगडली जायची. त्या अ‍ॅम्प्लिफायरचं दुखलंखुपलं बघायला तुम्ही यायचात. तेव्हा तुमचा स्वतःचा साउंड होता. जनरेटर, भोंगे आणि रेकॉर्ड प्लेअर बैलगाडीत घालून तुम्ही डोंगरातल्या पाड्यांवर लग्नं वाजवायला जायचात. भोंगा मोहाच्या झाडाला बांधायचा आणि त्याच झाडाच्या बुंध्याशी दोन-दोन दिवस बसायचं. पुढे कॅसेटी आल्या, मग डीजे आले, बाबूजी गेले आणि आमचं सगळं सामान माळ्यावर चढलं.

दोन वर्षांपूर्वी मी ते भंगारात द्यायला खाली काढलं. तुम्ही रस्त्याने चालला होतात. पायरीवर बसून त्या लाकडी खोक्यावरून असा हात फिरवलात, की मला वाटलं, गाय विकायला काढलीय की काय. म्हणालात, ‘भाभी, हाई जितं शे.’ मी म्हटलं, जितं असेल तर उठवून दाखवा. मला काय माहीत की तुम्ही हे मनावर घ्याल!

खोकं खरंच जिवंत निघालं. मेली होती ती कार्ट्रिज, सुईच्या मागची इवलीशी डबी, सुईचं थरथरणं विजेत बदलणारी. तुम्ही ती ब्लेडने उघडलीत तर आत पांढरा ओलसर गाळ. जुन्या कार्ट्रिजमध्ये एका जातीच्या मिठाचा खडा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. ‘मीठ पानी पी गयं,’ तुम्ही हळहळलात. आमच्याकडच्या पावसाळ्यात डब्यातलं मीठ धड राहत नाही, तिथे त्या बिचाऱ्या खड्याचं काय चालणार?

तसली कार्ट्रिज आता मिळेना, म्हणून सुरतेहून चुंबकाची मागवली. लावली, आणि विहिरीच्या तळातून कुणी कुरकुरावं तसा आवाज आला. मी म्हटलं, फसवलं आपल्याला. तुम्ही मात्र पोट धरून हसलात. ‘भाभी, मीठवाली कार्ट्रिज बाजारमा वरडनारी बाई व्हती. हाई नवी नवरी शे. हिनं बोलनं ह्या म्हातारा अ‍ॅम्प्लिफायरले कसं ऐकू येई? मझार एक करवली पाहिजे.’

तर नवरी आणि म्हातारा यांच्या मधली ही करवली आपण बनवायला घेतली. खाकऱ्याचा रिकामा पत्र्याचा डबा, आत चार-सहा सुटे भाग, आणि काम दोनच. नवरीचं बोलणं शंभरपट मोठ्याने पुढे सांगायचं, आणि सांगताना सरळ करून सांगायचं. कारण रेकॉर्ड कोरताना म्हणे जाड आवाज दाबतात आणि बारीक आवाज वाढवून ठेवतात. मी विचारलं, असं का? तुम्ही म्हणालात, खाच मावली पाहिजे ना. पन्नाशी उलटलेल्या बाईच्या हातात तुम्ही सोल्डरची तापलेली कांडी दिलीत. पहिल्याच दिवशी बोट भाजलं. आमचे हे म्हणाले, ‘पापड जाळायचीस तेवढे पुरे नव्हते का?’ पण त्या धुराचा वास मला आवडला, आणि माझ्या हातचा सोल्डरचा डाग चकचकीत बसला की तुम्ही जी मान डोलवायचात, तीही आवडायची. कौतुक करायची आमच्याकडे पद्धत नाही, दानियलभाऊ. मला त्याची भूक आहे हे मलाच माहीत नव्हतं.

करवली बोलायला लागली ती दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. उन्हाची तिरीप लाल-पिवळ्या साड्यांच्या गठ्ठ्यांवरून परतून भिंतीवर पडलेली, पंखा सावकाश फिरतोय, आणि बाबूजींच्या वेळचं गाणं असं आलं की आमचे हे झोपेतून उठून जिन्यात येऊन उभे राहिले. जवळच्या रुळांवरून गाडी जाताना सुई उडायची, म्हणून आपण प्लेअरखाली दोन गोधड्या घातल्या. मग गाडी आली तरी गाणं फक्त थोडं डुलायचं. तुम्ही डोळे मिटून सांगायचात, ‘मालगाडी, रिकामी.’ खिडकीतून पाहावं तर खरंच रिकामी. अख्खा बाजार तुमच्या कानाची शपथ घ्यायचा. आमच्या दुकानातला पंखा आठवड्यात बंद पडणार, हे तुम्ही त्याच्या घरघरीवरून सांगितलं होतंत आणि तो सहाव्या दिवशी पडलाही.

पुढच्या बुधवारी तुम्ही पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली एक रेकॉर्ड काढलीत. तुमच्या लहानपणी गावातल्या दहाएक बायांना कुणी धर्मगुरू शहरात घेऊन गेले होते आणि त्यांची भजनं रेकॉर्ड केली होती, तुमच्या घरच्या बोलीत. त्यात तुमची माय होती. तिचे पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे बोलताना-गाताना त्या फटीतून बारीक शीळ निघायची. प्रार्थनेला सगळ्या बायका एकसारख्या पदर घेऊन बसलेल्या, आणि चार वर्षांचे तुम्ही ती शीळ ऐकत-ऐकत बरोबर मायच्या मांडीत जाऊन बसायचात. हे सांगताना तुमचा चेहरा खरोखर चार वर्षांचा झाला होता. मी रेकॉर्ड ठेवली आणि आपण ऐकायला बसलो.

बायका गाऊ लागल्या. मागे एक ढोल आणि झांजा. तुम्ही पुढे वाकलात, आणखी वाकलात. बाजू संपल्यावर म्हणालात, ‘माय ई नही ऱ्हायनी.’ ती शीळ तुम्हाला सापडली नव्हती.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. करवलीच्या तोंडाशी एक रेझिस्टर लागतो. तो लहान लावला तर बारीक आवाज दबतो, मोठा लावला तर उजळतो. कार्ट्रिजच्या खोक्यातल्या कागदावर सत्तेचाळीस हजार ओहम लिहिलेलं. तुम्ही म्हणायचात, एक लाखाचा लावा. मी मीटर पुढे करायची, कागद पुढे करायची, सत्तेचाळीसवर सगळे आवाज कसे एका ओळीत बसलेत ते सांगायची. एकदा तुम्ही चिडून म्हणालात, ‘मीटरले काय कयस भाभी? मीटरले माय नही शे.’ मी मीटर बाजूला ठेवलं. एक लाखाचा लावला. झांजा कानात टोचायला लागल्या, आमच्या ह्यांनी खालून ओरडून विचारलं की वर पत्रा कापताय का. तुमचं आपलं तेच, माय नाही. दीड लाखाचा लावला. कार्ट्रिज बदलली. पुन्हा बदलली. वायर वीतभर कापून आखूड केली, कारण लांब वायरही बारीक आवाजाशी खेळते असं तुमचं म्हणणं. तुमच्याशी वाद घालताना मी इतकी शिकले, की मला तुमच्याच चुका दिसायला लागल्या.

आता जे सांगायचं ते इतके दिवस गिळून बसले आहे.

मला शीळ ऐकू येत होती. पहिल्या दिवशी, सत्तेचाळीस हजारावर, स्वच्छ. मी गप्प राहिले कारण मला वाटलं, तुम्ही म्हणताय ती याहून वेगळी काही असेल. माय तुमची, मी कोण सांगणार? मग मे महिन्यातली ती दुपार आली. मागच्या सागावर किडे असे किरकिरत होते की मला खिडकी लावावीशी वाटत होती. आणि तुम्ही कपातला चहा फुंकत, अगदी समाधानाने म्हणालात, ‘आज कितलं शांत शे ना, भाभी.’

तेव्हा मला उमगलं. वर्षानुवर्षं भोंग्याखाली बसून तुमच्या कानातला बारीक, वरचे आवाज ऐकणारा सगळा भाग गेला होता. मालगाडीची धडधड, पंख्याची घरघर, हे तुम्हाला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळायचं, म्हणून कुणाला संशय आला नाही, तुम्हालाही नाही. सुई जुळली होती, करवली जुळली होती, अ‍ॅम्प्लिफायर जुळला होता.

त्याच दिवशी बाजू संपल्यावर तुम्ही पहिल्यांदा सरळ विचारलंत. ‘भाभी, खरं सांगा. तुम्हले ऐकू येस का?’

मी म्हटलं, ‘नाही.’

का म्हटलं? ज्याच्या कानाची गाव शपथ घेतं त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू, हे तर होतंच. पण खोटं कशाला बोलू, एवढंच नव्हतं. सुई जुळली असं ठरलं असतं तर काम संपलं असतं. बुधवार संपले असते. तुम्ही टेंभुर्णं घेऊन येणार नाही, ‘तुमना घरमा कांदा नही ते चव कुठून येई’ म्हणून माझ्या भाजीला नावं ठेवणार नाही, आणि मी पुन्हा दुपारभर साड्यांच्या घड्या घालत बसणार. मला ते नको होतं. त्या ‘नाही’त तुमच्याबद्दलची दया थोडी होती, माझा स्वार्थ जास्त होता.

मला वाटलं होतं, तुम्ही दोष कार्ट्रिजला द्याल. दिलातही, तिसरी कार्ट्रिज येईपर्यंत. मग एका बुधवारी तुम्ही आलात ते चहा नको म्हणालात. खिडकीशी जाऊन बसलात. मग सांगितलंत, की बहिणीच्या लग्नात आईची आठवण म्हणून तुम्ही ही रेकॉर्ड वाजवली होती. माय तेव्हा नव्हती. पोरं नाचत होती, जमीन हलत होती, सुई उड्या मारत होती. तुम्ही नेहमीसारखं सुईच्या दांड्यावर रुपयाचं नाणं ठेवलंत. सगळे साउंडवाले ठेवायचे. त्या ओझ्याने सुई उडत नाही, पण खाच खरवडते, आणि पहिला मरतो तो बारीक आवाज. बहिणीने ‘अजून एकदा, अजून एकदा’ म्हणून पाच-सहा वेळा लावायला लावली होती.

‘मीच मन्ही मायले घसी टाकं, भाभी,’ असं तुम्ही म्हणालात.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण आता ‘ऐकू येतं’ म्हणावं तर आधीचं ‘नाही’ उघडं पडणार. मी म्हटलं, चौथी कार्ट्रिज मागवू, तिची सुई वेगळ्या आकाराची असते, खाचेच्या खालपर्यंत पोचते, जिथे नाण्याखालची सुई पोचलीच नसेल. हे खरं असतं, दानियलभाऊ, वाचून सांगितलं होतं. पण मी ते बोलले ते वेळ मारून नेण्यासाठी. तुमचा चेहरा किती उजळला! तुम्ही चहा मागून घेतलात.

चिंचपाड्याच्या दवाखान्यात तुम्हाला भेटायला आले तेव्हा तुम्ही निम्मे झाला होतात. बोलायला दम लागत होता. खाटेशी बसले तर पहिला प्रश्न, ‘नवी सुई उनी का?’ मी म्हटलं, आली, कालच आली. ‘लाई का?’ म्हटलं, तुम्ही बरे झालात की लावू. तुम्ही मान हलवलीत. बाहेर पोरं खेळत होती, नर्स येऊन सलाइन पाहून गेली, दुसऱ्या खाटेवरच्या बाईने मला बिस्किट देऊ केलं. बोलायला अख्खा अर्धा तास होता. मी तुमच्या चादरीची घडी सरळ करत बसले. कापडवाल्यांची सून, दुसरं काय येतं मला.

काल रूथवहिनी आल्या. ती रेकॉर्ड तुम्ही मला द्यायला सांगितली होती म्हणे. मी म्हटलं, बसा, आधी ऐकू या. नवी सुई लावली. तुमचा दीड लाखाचा रेझिस्टर काढून सत्तेचाळीसचा लावला, डाग चांगला बसला. बायका गाऊ लागल्या. शीळ आली तशी रूथवहिनींनी माझं मनगट धरलं. ‘हाई मन्ही सासू,’ त्या म्हणाल्या. त्यांनी तुमच्या मायला पाच वर्षं पाहिलं होतं, त्यांना ओळखू येणारच.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. माझं ‘नाही’ सांगितलं. वाटलं, आता ही बाई उठून जाईल, आणि गेली असती तर बरंच झालं असतं.

त्यांनी पदराचं टोक पिळलं. मग म्हणाल्या, ‘माले बी इचारं व्हतं त्यासनी. मागला नाताळना येळले इठे लई उनथात ना माले, तुम्ही चहा कराले गयात तव्हय. माले बी ऐकू उनं व्हतं.’

नाताळात तुम्ही त्यांना इथे घेऊन आला होतात, ते मला आठवलं.

‘मी बी नही म्हनं,’ त्या म्हणाल्या. ‘त्यासले वाईट वाटी म्हनीसन.’

आम्हा दोघींतल्या एकीचंच ‘नाही’ असतं तर तुम्ही कदाचित मानलं नसतं. म्हणाला असतात, भाभीले काय कयस. पण बायको आणि भाभी दोघी नाही म्हणतात म्हटल्यावर तुमच्यासारखा माणूस काय करणार? तुम्ही स्वतःलाच दोषी धरलंत. तुमचं मन सांभाळायला निघालेल्या आम्ही दोन बायांनी मिळून तुमच्या डोक्यावर मायला पुसल्याचं पाप घातलं, आणि ते घेऊन तुम्ही गेलात.

रूथवहिनी गेल्या. रेकॉर्ड मी ठेवून घेतली नाही, आज सकाळी त्यांच्या घरी नेऊन दिली. तुमच्या नातवंडांना ऐकू द्या, त्यांचे कान ताजे आहेत. पण देण्याआधी मी एकदा एकटीने पूर्ण ऐकली, आणि तुमच्यासाठी जागा लिहून काढल्या.

तर ऐका, दानियलभाऊ. पहिल्या कडव्यात दोनदा आहे, दुसऱ्यांदा जरा लांब. दुसऱ्या कडव्यात ढोलाखाली जाते. तिसऱ्यात बाकीच्या बाया श्वास घ्यायला थांबतात तेव्हा माय एकटीच पुढे जाते, आणि तिथे ती सगळ्यात स्वच्छ आहे. नाण्याने काही झालं नाही. तुम्ही तिला घासली नाहीत. ती पहिल्या बुधवारपासून येत होती, आणि मला ऐकू येत होती.